कळवणच्या बाजारातला डावा हात

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बायको अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधायची, तेव्हा मी म्हणायचो, त्यापेक्षा सरबत कर. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

साल बहुतेक अठ्ठ्याण्णव. नाशिकला रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखाली माझी पेंटिंगची खोली होती. गेलेल्या माणसांची तैलचित्रं करायचो. स्टुडिओतला फोटो असला की काम सोपं. पण पुष्कळांकडे तो नसायचाच. मग कुणाच्या लग्नात जेवताना, कुणाचा बैल धुताना, असा नकळत टिपलेला फोटो यायचा. त्याचं चित्र होईल की नाही, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी गुरुजींनी एक रीत शिकवली होती — फोटोतल्यासारखं स्वतः उभं राहून बघायचं. कॅमेऱ्याला क्षणभर पुरतं, चित्रातलं माणूस मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर उभं राहणार. दहा आकडे मोजेपर्यंत जी पोज आपल्याला पेलत नाही, ती रंगवायची नाही.

मे महिन्यात भर दुपारी सुरगाण्याकडचा एक माणूस आला. नाव लहानू, वय तिशीचं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने एकच फोटो काढला. कळवणच्या बाजारात कुणा हौशी माणसाने टिपलेला. त्यात लहानूची बायको, सखू. पायापर्यंत पूर्ण आलेली, अंग उजवीकडे कललेलं, हसत डावीकडे खाली बघतेय. डावा हात तिकडेच ताणलेला, आणि मनगटाशी फोटो संपलेला.

"दोन वर्सं झाली. जीप उलटली घाटात," तो म्हणाला. "घरात लावायला पायजे. दुसरा फोटो नाय."

मी सवयीने बोलून गेलो, "हा हात अर्धाच आलाय. पदराखाली घेऊ, कुणाला कळणारही नाही."

त्याने फोटोच्या त्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तुमी सांगाल तसं."

फोटो समोर ठेवून मी सखूसारखा उभा राहिलो. चारपर्यंत मोजलं आणि उजवीकडे कोलमडलो. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा तेच. मनात म्हटलं, नाही होणार हे.

तिसऱ्यांदा पडलो नाही. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं कुणीतरी धरली होती. हात एवढासा, गरम, चिकट. तो मला डावीकडे ओढत होता... हट्टाने, लहान मूल ओढतं तसा. त्या ओढीवर माझा तोल सावरला होता. मी दहापर्यंत मोजलं. खाली बघितलं तर नुसती फरशी आणि टर्पेंटाइनचा डबा.

हात तसाच ठेवून मी विचारलं, "लहानूभाऊ, बाजारात हिचा हात कुणी धरला होता?"

तो भिंतीला टेकून खालीच बसला. "पोरगी. तीन वर्साची व्हती. जिलबी खाल्ली तरी परत जिलबीकडंच ओढीत व्हती. ती बी त्याच जीपमधी..." मग म्हणाला, "तिचा फोटोच नाय, म्हनून बोललो नाय. तुमी तरी काय करनार?"

मी त्याला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, असं आज वाटतं. तो उठला. "कसं उभं ऱ्हायचं, दावा मला."

मी त्याचे पाय लावून दिले. त्याने डावा हात लांब केला आणि मोठ्याने मोजायला लागला. चारला पडला. उठला, परत पडला. कोपर सोलवटलं. मी म्हणालो, "भाऊ, बसा आता." तो म्हणाला, "थांबा." किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. माझ्याने बघवत नव्हतं.

शेवटी तो बसला. "माझ्या हातात नाय येत." मग विचारलं, "तुमाला तोंड दिसलं का तिचं?"

"नाही, भाऊ."

"मला बी आता नीट आठवत नाय... मंग चित्र व्हईल का?"

मी विचार केला. एकटी सखू उभी राहू शकत नाही, आणि पोरीचा चेहरा कुणापाशीच नाही. मी म्हणालो, "नाही होणार."

त्याने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग फोटो पिशवीत गुंडाळला आणि स्टँडकडे निघून गेला.

पोरगी पाठमोरी काढता आली असती. एवढी साधी गोष्ट मला आठ दिवसांनी सुचली. मी लहानूचा पत्ता घेतला नव्हता. कळवणच्या बाजाराला चार-पाचदा जाऊन आलो, सुरगाण्याच्या जीपवाल्यांना विचारलं. लहानू नावाची माणसं भेटली, हा भेटला नाही.

मनाचे खेळ म्हणावं, तर पोरगी होती हेच मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा. मीठ-मोहऱ्या उतरवायला मात्र सांगू नका, बायकोने ते केव्हाच केलंय.

ती पोज अजून अंगात आहे. कुणी नसताना अधूनमधून तसा उभा राहून बघतो. परवाही राहिलो. डावा हात मोकळाच होता. चारला पडलो.