अपीलवाल्या अलकाताई

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा भागातल्या ऑफिसचा जिना उतरून अलका नेहेते खाली आल्या, तर त्यांच्या स्कूटरला एक अनोळखी माणूस टेकून उभा. त्यांना बघताच तो अदबीने बाजूला झाला.

"मॅडम, तृप्ती बिटिया इंदौर में अकेली रहती है ना? ध्यान रखा करो." एवढं बोलून तो गर्दीत मिसळून गेला.

अलकाताईंना स्कूटरला किल्ली लावता येईना. लेकीचं नाव त्याला कुणी सांगितलं? तिथूनच त्यांनी तृप्तीला फोन करून मैत्रिणीकडे राहायला धाडलं आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. हवालदाराने विचारलं, "नाम पता है उसका?" नाव माहीत नव्हतं. पण त्याला कुणी पाठवलं असेल, हे त्या ओळखून होत्या.

सिंधीपुऱ्यात रुख्मिणीबाई नावाची विधवा राहत होती. 'हे घर तुझ्या नवऱ्याने मरण्याआधी मला विकलं' म्हणून उमेश नावाच्या प्लॉटवाल्याने तिच्यावर दावा लावला. ऐन तारखांना तिचा वकील फिरकलाच नाही, आणि निकाल एकतर्फी लागला. त्यावरचं अपील अलकाताईंकडे होतं.

बुऱ्हाणपुरात त्यांना सगळे अपीलवाल्या बाई म्हणत. खालच्या कोर्टात हरलेली माणसं त्यांच्याकडे येत. त्या अपिलाकडे कशा वळल्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. वडील भुसावळकडून नेपानगरच्या कागद कारखान्यात आलेले. पोरगी वकील झाली म्हणून त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. पण पहिल्याच उलटतपासणीत साक्षीदार अंगावर ओरडला आणि अलकाची वाचाच बसली. तिचे सीनियर विनायकराव म्हणाले, "पोरी, तू अपील बघ. तिथं साक्षीदार नसतो. खाली काय चुकलं, तेवढं जजसाहेबांना सांगायचं." त्या आडोशाला त्यांची सारी वकिली गेली.

दुसऱ्या दिवशी केस परत करायची म्हणून त्या सिंधीपुऱ्यात गेल्या. दार लवकर उघडेना. आतून पेटी सरकवल्याचा आवाज आला, मग फटीतून रुख्मिणीबाईंचा डोळा दिसला.

"ताई, तुमी व्हय? मले वाटलं, त्याची मानसं आली."

अलकाताई खाटेवर बसल्या. सांगायचं होतं एक, तोंडून निघालं भलतंच. "बाई, मला फार भीती वाटतेय हो."

रुख्मिणीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुमालेबी? मंग बरं झालं. मले वाटे, मीच एकली भेते."

केस परत करायचं अलकाताईंच्या ओठावर आलंच नाही.

अपिलात त्या जिंकल्या. एकतर्फी निकाल रद्द झाला, दावा पुन्हा चालवायला खाली पाठवला गेला. रुख्मिणीबाईंनी हात जोडले. पण आता अलकाताईंना उमेशची उलटतपासणी घ्यावी लागणार होती. दुसऱ्या वकिलाकडे पाठवते म्हटलं, तर रुख्मिणीबाई म्हणाल्या, "तो बी आला नाही तं?"

उलटतपासणीच्या दिवशी उमेश पिंजऱ्यात उभा राहिला. मागच्या बाकावर तोच स्कूटरपाशी भेटलेला माणूस. टेबलाची कड घट्ट धरून अलकाताईंनी विचारलं, "विक्रीच्या कागदावर सही करताना रुख्मिणीबाईंचे यजमान कुठे होते?"

"घरी. खाटेवर. मेरे सामने सही की!" उमेश खेकसला.

जजसाहेब थांबले होते. घोटभर पाणी पिऊन अलकाताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर पुन्हा तेच. मग त्या हळूच म्हणाल्या, "कागदावर जी तारीख आहे, त्या आठवड्यात ते खंडव्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होते." उमेश आपल्या वकिलाकडे बघायला लागला.

दवाखान्याच्या डॉक्टरांनीही येऊन तेच सांगितलं. दावा फेटाळला गेला. आता उमेशनेच अपील केलंय. रुख्मिणीबाई घरातच आहेत. दारामागची पेटी त्यांनी अजून हलवलेली नाही. आणि संध्याकाळी तृप्तीचा फोन येईस्तोवर अलकाताईंना घास गिळवत नाही.