कुंकू लावून बोलावणं

लग्न होऊन पुण्याहून निजामाच्या शहरात, बरकतपुऱ्यात आले, तेव्हा शहरात कॉम्प्युटर कंपन्या नव्यानं उघडत होत्या आणि आमच्या ह्यांना त्यातल्याच एकीत नोकरी लागली होती. ते खूश, आणि मी दिवसभर भिंतींशी बोलत बसलेली. सगळ्याला नाकं मुरडायची. वरणात एवढी चिंच? दुकानं भरदुपारीसुद्धा उघडी? झोपतात की नाही ही माणसं! शेवटी ह्यांना ठणकावलं, "संक्रांतीचं हळदीकुंकू करते आणि माहेरी जाते. परत येईन असं धरून चालू नका." बॅग भरून पलंगाखाली ठेवलीसुद्धा.

हळदीकुंकू मात्र अगदी पुणेरी थाटात. गल्लीत बहुतेक घरांत नुकतेच फोन आले होते. मी ऐटीत, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळीकडे फोन फिरवला, "पाच ते सात या हं." वाणाला आबिड्सच्या बाजारातून स्टीलच्या वाट्या आणल्या, तिळाच्या वड्या थापल्या आणि पैठणी नेसून पाचच्या ठोक्याला दारात उभी राहिले.

सहा वाजले, कुत्रंही फिरकलं नाही. मग मात्र माझा धीर सुटला. पैठणीसकट जमिनीवर बसकण मारली आणि ढसाढसा रडले. या गावाला मी नकोच आहे, याची मला त्या क्षणी खात्रीच पटली.

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, त्यामुळे मराठीत मध्येच दखनी उर्दू यायची.

"अगं माय, रडतीस कायकू?"

"कुणीच आलं नाही. तुम्हीसुद्धा!"

"कसं येणार? तू बोलावलंच नाहीस."

"फोन केला होता की मी!"

"हौ, फोन केलीस. बोलावणं कुठं केलीस?" काकू माझ्याजवळ टेकल्या. "इथल्या तेलुगू बाया घरी येऊन कपाळाला कुंकू लावतात, मगच ते बोलावणं. त्याबिगर जायचं म्हणजे आगाऊपणा. आम्हीबी आता तसंच करतो. समद्याजणी कवापासून साड्या नेसून बसल्यात तुझी वाट बघत." आणि कपाळ माझ्यापुढं करून म्हणाल्या, "मीबी."

मी नाक पुसलं, करंडा घेतला आणि त्यांना कुंकू लावलं. मग त्यांनी मला हाताला धरून गल्लीभर फिरवलं. खरोखर, प्रत्येक घरात बाई नटूनथटून बसलेली! मी कुंकू लावायची, ती लगेच चपला पायात सरकवून आमच्यामागे निघायची. परत आलो तेव्हा आमची एवढीशी खोली बायकांनी गच्च भरली. मला तेलुगू येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी काय हसलो! समोरच्या घरातल्या बाईंनी माझा बिनफुलांचा अंबाडा पाहिला, "अय्यो" म्हणत स्वतःच्या वेणीतला अर्धा गजरा तोडला आणि माझ्या केसांत माळला. मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं होतं.

बॅग कधी उपसली ते आठवतही नाही. त्या गल्लीचे माझ्यावर फार उपकार आहेत. बाळंतपणात तिथल्या बायकांनीच जेवू घातलं, चिंचेची आमटीसुद्धा त्यांनीच शिकवली.

पुढे ह्यांना पुण्यातच चांगली नोकरी चालून आली. संक्रांत तोंडावर होती, मी करंडा भरून बोलावण्याला निघाले होते. हे उड्या मारत आले, "चल, सुटलीस एकदाची! पुण्याला जाऊ."

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं. "तिथं मला घरी येऊन कुंकू कोण लावणार आहे?"