सोफ्यावरची सोन्याची बग्गी

मला एकदा संशय आला की त्याचा छडा लागेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. नवरा म्हणतो, तू पोलिसातच जायला हवं होतंस. म्हणू दे.

आई साताऱ्याहून आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आली, ती परत जायची घाई घेऊनच. साताऱ्यात ती एकटी राहते. रोज एकच, "माझं तिकीट काढ गं." आणि अंगावर कायम शाल. अहो, सिंगापुरात शाल! एसी बंद असला तरी उजव्या खांद्यावरून घट्ट गुंडाळलेली. चहा अर्धाच कप. खाली हॉकर सेंटरला खायला चल म्हटलं की पोट भरलेलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात माझ्या लेकीला इंग्लंडच्या राजाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ सापडला. सोन्याची बग्गी, आठ घोडे. आई निरखून बघत म्हणाली, "अगंबाई, बग्गीवर गाडीवानच नाही! हाकणारे घोड्यांवर बसलेत. आतल्यांच्या हातात काहीच नाही."

मग रोज संध्याकाळी आमचा सोफा म्हणजे बग्गी. आजी राणी, नात राजा. राणी लोकांना हात हलवायची, पण डावाच.

"उजवीकडे माणसं नाहीत का गं?" मी विचारलं.

"तिकडची मला आवडत नाहीत." लबाड!

शेवटी एकदा मीही बग्गीत घुसले. आईच्या डावीकडे बसून तिचा डावा हात धरून ठेवला. "राणीसाहेब, उजवीकडचे लोक कधीचे ताटकळलेत."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की हात सोडावासा वाटला. नाही सोडला. मग शालीतून तिचा उजवा हात बाहेर आला. बोटांपासून कोपरापर्यंत थरथरत होता.

"वॉव आजी, परफेक्ट लाह!" आजी राणीसारखा हात हलवतेय असं समजून लेकीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत दाद देत टाळ्या वाजवल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. तुला कळलं असतं तर मला परत जाऊ दिलं असतंस?"

नसतंच दिलं. एव्हाना मी मनातल्या मनात तिच्यासाठी कपाटही रिकामं करायला घेतलं होतं.

"आजी, वेअर आर वी गोइंग?" लेकीने विचारलं.

"तुझ्या आईला विचार बाई. मी नुसती आत बसलेय."

मला राग आला आणि रडूही आलं. "आधी डॉक्टरकडे," मी म्हटलं, "आणि मग साताऱ्याला."

आईने शाल उतरवली आणि घडी घालायला माझ्याकडे दिली.