मन वाळत घालणाऱ्या आत्याबाई

साऱ्या भंडारा जिल्ह्याचं मन ताळ्यावर ठेवण्याचं काम देवाने एकट्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीवर सोपवलं होतं. निदान त्यांची स्वतःची तशी पक्की समजूत होती. लहान वयात विधवा होऊन त्या लाखनीजवळच्या आमच्या घरी परत आल्या होत्या. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन त्या घरात गेले, तेव्हा लहानथोर सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. तुम्ही मुलं फोनवर विचारता, आजी, इतकं सगळं झालं तरी तू शांत कशी? शांत नाही, बाळांनो, थकलेली आहे. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पण काही सवयी अंगात मुरल्या आहेत, त्या आत्याबाईंच्या.

त्यांचं सगळं शास्त्र धानावर चाले. "धान ओलं कोठीत भरलं का कोंब फुटतेत. मनाचंबी तसंच आहे," असं त्या म्हणत. म्हणून रोज दिवेलागणीला अंगणात बसून घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात टोचलेली एक गोष्ट बोलून टाकायची. ऐकणाऱ्याने उपाय सांगायचा नाही, समजूत काढायची नाही, फक्त "हं" म्हणायचं. याला त्या मन वाळत घालणं म्हणत. पाहुण्यांनाही सूट नव्हती. एकदा नवा जावई पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. फार आग्रह झाला तेव्हा त्याने, सासुरवाडीच्या वरणात मीठच नसतं, असं चाचरत सांगितलं. सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण नियमाप्रमाणे त्यांनाही "हं" एवढंच म्हणता आलं. हमरस्त्यावरून पाणी मागायला आलेला एक ट्रक ड्रायव्हर तर बायकोशी झालेल्या भांडणाबद्दल इतका वेळ बोलत राहिला, की क्लीनरने शेवटी हॉर्न वाजवून वाजवून त्याला नेलं.

जेवणाआधी बातम्या ऐकायच्या नाहीत, हा दुसरा नियम. जगाचा कचरा उपाशी पोटी कायले गिळायचा, असं म्हणून त्यांनी तुमच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर गोठ्यात हलवला. त्यामुळे देशाच्या राजकारणात आमच्या म्हशी आमच्यापेक्षा बऱ्याच पुढे होत्या. रडायचं असेल तर चुलीपुढे रडायचं. कुणी विचारलं तर धूर लागला म्हणता येतं. आणि फारच उदास वाटलं तर रस्त्यावर जाऊन ट्रक पाहायचे. एवढी माणसं रोज कुठे ना कुठे जातात, तेव्हा आपलंही काही कायमचं अडून राहत नाही, हे त्यातून कळतं म्हणे. मी नागपूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली. याला आधार काय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बी.ए. बाई, तुले रात्री झोप लागते का नाही? लागते ना? मंग झालं."

हे शास्त्र एका वर्षी लंगडं पडलं. माझी धाकटी जाऊ, लाखांदूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, त्या उन्हाळ्यात बाळंत झाली आणि मूल हाती लागलं नाही. त्यानंतर तिने बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसे. पुढे ठेवलेलं ताट तसंच परत जाई. संध्याकाळी अंगणात आणून बसवली तरी तिची पाळी आली की सगळे थांबत, आणि रातकिड्यांशिवाय काही ऐकू येत नसे. आत्याबाई तिला चुलीपुढे नेत, ट्रक दाखवायला नेत. ती जाई, उभी राही, परत येई. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवू, असं मी सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, लोक वेडी म्हणतील, त्यापेक्षा माहेरी जाऊ द्या. अशी माहेरी गेलेली सून परत आणायला कोणी जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही होतं. धाकटे भावजी मान खाली घालून बसले आणि तिच्या भावाला निरोप गेला.

तो एसटीने आला, तो नेमका आमच्या रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या दिवशी. आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, बहीण शेतावर चालली आहे, बांधी रोवून झाली की घेऊन जा. मग त्यांनी धाकटीचा हात धरला आणि तिला बांधीत, त्या चिखलपाण्याच्या खाचरात, नेऊन बायकांच्या ओळीत मधोमध उभं केलं. रोवताना ओळ वाकून मागे मागे सरकते. जिचा हात थांबतो ती एकटीच पुढे राहून जाते आणि सगळ्या तिची थट्टा करतात. मधोमध असली की तिचा वाटा दोन्ही बाजूंच्या बायकांना उरकता येतो. तिच्या एका बाजूला चांगली तरबेज बाई होती. दुसऱ्या बाजूला लुगडं खोचून स्वतः आत्याबाई उतरल्या.

त्या उभ्या जन्मात चिखलात उतरल्या नव्हत्या. धानाचे दाखले देत जगाला शिकवणाऱ्या या बाईंना धान रोवता येत नाही, हे त्या दिवशी गावाला कळलं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, त्या नुसते पाण्यात टेकवत, मुळाशी चिखल दाबतच नसत. एकेक पऱ्हा वर येऊन तरंगू लागला. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. एक म्हणाली, "आत्याबाई, रोवून राहिल्या का सोडून राहिल्या?"

धाकटी त्या तरंगणाऱ्या रोपांकडे पाहत उभी होती. शेतकऱ्याच्या मुलीला ते बघवत नसावं. ती वाकली, एक पऱ्हा उचलला, अंगठ्याने मुळाशी दाबून नीट बसवला. मग दुसरा. आणि कित्येक दिवसांनी आम्ही तिचा आवाज ऐकला, घोगरा, जवळजवळ रागावलेला.

"असं नाही लावत, आत्याबाई. मूळ दाबा ना. मरतीन ते."

सगळ्यांचे हात थांबले. आत्याबाई आता उपदेश सुरू करणार, असं मला वाटलं. त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि मूळ दाबू लागल्या.

बांधी पुरी होईतो परतीची एसटी निघून गेली होती. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन ताटकळलेल्या भावाला ती म्हणाली, "तू जाय, दादा. रोवना आहे अजून." दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. ती काही एका दिवसात बरी झाली नाही. पुढेही पुष्कळदा भिंतीकडे वळे, बोलायची थांबे. नागपूरच्या डॉक्टरांकडे आम्ही तिला नेलंच. सासूबाईंना आत्याबाईंनी गप्प केलं. पण माहेरी धाडण्याची भाषा त्या घरात पुन्हा निघाली नाही.

मला अजून आठवते ती त्या रोवणीची संध्याकाळ. बायका घरी गेल्या होत्या. पाय धुवायला पाणी घेऊन मी गेले, तर आत्याबाई धुऱ्यावरच बसलेल्या, हातांवरचा चिखल कोपरापर्यंत वाळलेला. घरी चला म्हटलं.

"बसू दे वं थोडं," त्या म्हणाल्या. "थकली मी."

रोज सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या या बाईंच्या तोंडून स्वतःबद्दल एवढंही मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि शेजारी बसले. समोर नुकतेच रोवलेले पऱ्हे माना टाकून पडले होते. पहिले काही दिवस ते असेच पिवळट, मलूल दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, गेले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत बसलो.