सासूसमोर विचारलेला प्रश्न

नोकरीतले दरोडे विसरलो, खूनही विसरलो. पण हे प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. घाटनांदूरकडच्या एका सुनेचं सिझेरियन झालं. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं, बाळ सुखरूप झालं. पण दुसऱ्या दिवशीही तिचा डावा पाय उचलेना.

"डाक्टरनं आमच्या सुनंचा पाय घालवला! आदी त्याला आत टाका!" सासू माझ्या टेबलावर हात आपटत होती. डॉक्टरवर असा तडकाफडकी गुन्हा दाखल होत नाही, जिल्हा शल्यचिकित्सकांचा अभिप्राय लागतो. हे सांगितलं, तर बाई माझ्यावरच उखडल्या.

दवाखान्यात जाऊन सुनेचा जबाब घेतला. पाठीचा जुना त्रास होता का, विचारलं. तिनं शेजारच्या सासूकडं पाहिलं आणि "न्हाई" म्हणाली. डॉक्टरच्या कागदावरही तेच होतं.

खबर दिली ती दवाखान्यातल्या मावशीनं. "सायेब, अंग पुसताना बगितलं. कमरंवर झुपक्यानं उगवल्यालं केस वस्तऱ्यानं काढल्यात, खाली खड्डा हाय. तिची माय म्हणली, बोलू नका."

मी स्वतःवरच चिडलो. एवढी वर्षं जबाब घेतले आणि सुनेला सासूसमोर विचारलं! सगळ्यांना बाहेर काढलं, महिला पोलीस तिच्याजवळ बसवली. पोरगी हमसून हमसून रडली. "जल्मापासून हाय, सायेब. माय म्हणायची, कुणाला कळलं तर लग्न मोडंल. डाक्टरनं इचारलं तवाबी सासूबाई तिथंच हुत्या."

तिच्या संमतीनं डॉक्टरला सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. अशा खुणेखाली मणक्यात जन्मजात दोष असू शकतो, मज्जारज्जू नेहमीपेक्षा खाली असतो, सुईनं इजा व्हायचा धोका वाढतो. "घाईत होतो, पण पाठ मी नीट बघायला हवी होती," तो म्हणाला. त्यानं तिला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या एमआरआयमध्ये तेच निघालं. पण मज्जातंतू तुटला नव्हता, दुखावला होता. उपचार आणि व्यायाम सुरू झाले.

सासूला सुनेनं स्वतःच सांगितलं. "येडी का काय गं तू? पायापरीस लग्न मोठं व्हय?" म्हणत म्हातारी तिच्याआधी रडायला लागली.

माणूस खोटं बोलला की आपण त्याच्याकडं बघतो. शेजारी कोण उभं आहे, तेही बघावं, एवढं मी या प्रकरणात शिकलो.

काही महिन्यांनी दोघी बाळाला घेऊन ठाण्यात आल्या. सून थोडी लंगडत होती, पण काठी नव्हती. मला कोण आनंद झाला! "पाय कसा आहे?" मी विचारलं. सासू लगेच उठली. "तुमी बोला, मी भाईर बसते."

सुनेनं तिचा हात धरून खाली बसवलं. "बसा वो, सासूबाई. आता काय लपवायचंय?"