गाळावरची सरळ वाट

आमच्या भाटघरच्या पाण्याला कुणी सुंदर म्हटलं की माझं डोकं फिरतं. काठावर उभं राहून तसं म्हणायला काय जातं? बगळे दिसतात, पाणकोंबड्या दिसतात, पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे दिसतात. मी त्या पाण्याच्या शेपटाशी सून म्हणून नांदले आहे. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेलं की जो गाळ उघडा पडतो, तो मी डोक्यावर हंडा घेऊन दिवसातून तीनदा अनवाणी तुडवला आहे. माझ्यासमोर ते कौतुक नको.

सासरचं गाव धरणात गेलेलं. पाणी चढलं तशी माणसं वर टेकाडावर येऊन राहिली. घरं, देऊळ, रस्ता, सगळं खाली राहिलं. माझं लग्न झालं तेव्हा या गोष्टीला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती, पण पुरुषांच्या बोलण्यात अजून खालचंच गाव होतं. दिवसभराचं काम उरकून ओट्यावर टेकले की पाण्याकडे बोटं करायचे. ती आपली वेस, तो आपला पार, हा आपला रस्ता. माझे सासरे, मामंजी, त्यात सगळ्यांच्या पुढे. त्या गावाबद्दल पुरुष बोलत, आणि उन्हाळ्यात रोज तिथं उतरत मात्र आम्ही बायका.

उतरावंच लागे. उन्हाळ्यात धरणाच्या तळ्याचं पाणी शेवाळानं इतकं वास मारायचं की जनावरंही तोंड फिरवत. पण जुन्या गावाचा झरा जिवंत होता. पाणी मागे हटलं की आम्ही तो शोधून काढायचो, वरचा गाळ उपसायचो, आणि घटकाभरात आत निवळशंख पाणी जमायचं. प्रश्न होता तिथपर्यंत पोचण्याचा. गाळ वरून वाळून तडकलेला दिसतो, पण खाली कुठं पाय गिळणारा रेंदा आहे आणि कुठं तळाचा मुरूम, ते डोळ्यांना कळत नाही. शिवाय आज जिथं पाय ठरला तिथं उद्या ठरेलच असं नाही, कारण झऱ्याचं पाणी आतल्या आत वाट बदलतं.

म्हणून बायकांनी आपली एक रीत बसवली होती. सकाळी सगळ्यांत आधी एक जाणती बाई लांब बांबू घेऊन पुढं व्हायची. बांबू टोचत टोचत जायची, आणि जमीन घट्ट लागेल तिथं कारवीची काठी रोवायची. काठीच्या टोकाला करंजाचा हिरवा डहाळा बांधायचा. डहाळा हिरवा असेल तर वाट आजची, सुकलेला असेल तर कालची, आणि कालच्या वाटेवर कुणी पाय टाकायचा नाही. आमच्या काठापासून झऱ्यापर्यंत आणि तिथून पलीकडच्या काठापर्यंत अशी वाट वळणं घेत जायची. पलीकडून खिंड उतरून येणारी माणसंही हिरवा पाला बघूनच गाळात उतरायची. लांबून वळसा घालायचा तर पुरा दिवस मोडायचा. या वाटेनं माणूस जेवणवेळेला घरी पोचायचा.

माझं माहेर खिंडीपलीकडे, पासलीच्या अंगाला. वडील नव्हते, भाऊ मुंबईला गिरणीत. मला सातवा लागला होता, पहिलंच बाळंतपण. अखितीनंतर आई स्वतः मला न्यायला येणार, असा निरोप होता. मी दिवस मोजत होते. सासरी जाच होता असं नाही, पण भीती वाटली तर सांगावं असं तिथं माझं कुणी नव्हतं. मला आई हवी होती, बस्स.

नेमका त्याच आठवड्यात गावात बोभाटा झाला, की कुणी मोठा अंमलदार तळं बघायला येणार. झालं, पुरुषांच्या अंगात आलं. टेकाडाच्या पायथ्याशी कारवीच्या कुडांचा मांडव उभा राहिला. पाहुण्याला जुनं गाव दाखवायचं, देवळाच्या चौथऱ्यापर्यंत चालवत न्यायचं, असं ठरलं. आणि मग मामंजींना आमच्या काठ्या खुपायला लागल्या.

"ही काय वाट म्हनायची? दारू प्यालेल्या मानसावानी गेलीया. पाव्हना काय म्हनंल? आपला रस्ता कसा सरळ व्हता!"

संध्याकाळी ते चार-पाच जणांना घेऊन खाली उतरले. आमच्या काठ्या उपटल्या आणि बुडालेल्या रस्त्याच्या रेषेत, वेशीच्या दगडापासून पलीकडच्या काठापर्यंत, सरळ ओळीत रोवल्या. शोभेसाठी प्रत्येक काठीला नवा डहाळाही बांधला, आमच्यापेक्षा मोठा. मधे दहा-बारा हात रेंदा लागला तिथं मात्र कुणी शिरलं नाही, बाजूनं वळून पुढं गेले. तेवढी जागा मोकळी सोडली. सकाळी पाहुण्याच्या आधी फळ्या टाकू म्हणाले. म्हणजे कळत होतं! स्वतःचा पाय घालायची वेळ आली तेव्हा बरोबर कळत होतं.

मी अंगणातून बघत होते. मामंजी वर आले तेव्हा पदर सावरून मी म्हणाले, "मामंजी, तिथं मधी जमीन न्हाई."

ते हसले. "जमीन न्हाई? अगं पोरी, म्या तिथनं जलमभर बैलगाडी हाकलीया. तू काल आलीस."

"आई येनार हाय माझी. कवाबी यील."

"यिऊ दे की. चांगली सरळ वाट केलीया तिच्यासाटी."

सगळे हसले. सासूबाईंनी मला आत ओढलं आणि गप बस म्हणाल्या. मी गप बसले. या सगळ्यात माझा सर्वांत जास्त राग कुणावर असेल तर त्या गप बसलेल्या मुलीवर आहे.

दुसऱ्या दिवशी बायकांना खाली जायची बंदी होती. पाहुण्यासमोर चिखलानं भरलेल्या बायका हंडे घेऊन कशाला, म्हणून. आम्ही पहाटेपासून चुलीपुढे. दिवस कासराभर वर आला आणि भोरच्या बाजूनं निरोप्या आला. अंमलदारांचा बेत बदलला होता. ते येत नव्हते. पुरुषांची तोंडं उतरली. फळ्या मांडवात पडून राहिल्या आणि मंडळी केलेल्या पोळ्या जेवायला बसली.

मी सासूबाईंना म्हटलं, "आमी दोघी-तिघी जाऊन काठ्या पयल्यावानी लावून येतो."

मामंजींनी ऐकलं. पानावरून मान वर न करता म्हणाले, "आदी वाढा."

आम्ही वाढलं. पोळ्या वाढल्या, गुळवणी वाढलं. कुणी दुसऱ्यांदा मागितलं, कुणी तिसऱ्यांदा. मी वाढत होते आणि त्याच वेळी माझी आई खिंड उतरून पलीकडच्या काठावर आली होती. तिनं पाला बघितला. हिरवागार, ताजा. मधल्या काठ्या नव्हत्या, पण एखाद-दुसरी काठी गुरांच्या धक्क्यानं पडतेच. पुढं ओळ सुरू होती. बायकांनी लावलेली वाट आहे म्हटल्यावर तिनं शंका घेतली नाही.

टिटव्या ओरडायला लागल्या. मग वरच्या माळावरून शेळ्या राखणाऱ्या धनगरानं हाळी दिली, "बाई रुतली! बाई रुतली वो!"

हात धुवायचे सोडून पुरुष धावले, ते त्यांच्याच काठ्यांच्या ओळीतून. गुडघाभर आत गेल्यावर थांबले आणि एकमेकांना सूचना द्यायला लागले. आई कंबरेपर्यंत आत होती. डोक्यावरचं गाठोडं तिनं दोन्ही हातांनी उंच धरलं होतं, माझ्या ओटीचं सामान भिजू नये म्हणून. शेवटी बायकाच पुढं झाल्या. त्यांनी पाहुण्याच्या मांडवाचे कूड ओरबाडून काढले, गाळावर आडवे अंथरले, आणि त्यावरून सरपटत आईपर्यंत गेल्या. मला कुणी पुढं जाऊ देईना. मी काठावर उभी राहून ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही.

तिला ओढलं तेव्हा ती किंचाळली. पाय खाली कशात तरी अडकला होता. सोडवायला फार वेळ लागला. वर आणली तेव्हा उजवा पाय मांडीपासून वेडावाकडा लोंबत होता आणि पोटरी दगडानं सोलून निघाली होती. खालच्या रस्त्याच्या उखडलेल्या दोन दगडांत पाय सापडला होता.

मामंजी वाकले. तिची पोटरी बघितली. आणि मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, ते म्हणाले, "म्हंजी रस्ता हाय की खाली! म्या सांगत व्हतो."

त्यांच्या आवाजात आनंद होता. वाईट माणसाचा नव्हे. हरवलेली वस्तू सापडलेल्या माणसाचा. तेच मला अजून सहन होत नाही. वाईट माणूस असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी आईला झोळीत घालून पासलीच्या हाडवैद्याकडे न्यायचं ठरलं. मी लुगड्यांचं बोचकं घेऊन दारात आले. मामंजी म्हणाले, आता आईच आडवी पडली, तर तुझं बाळंतपण कोण करणार, तू हितंच ऱ्हा. हिशेब सरळ होता, त्यांच्या वाटेसारखाच. मी उंबरा ओलांडला. नवरा मधे आला, त्याला बाजूला सारलं. तोवर बायकांनी बांबू टोचून त्या दिवसाची वाट लावली होती. मी झोळीच्या मागोमाग निघाले. मागून हाका आल्या, पण गाळात माझ्यामागं कुणी उतरलं नाही.

मला मुलगी झाली. शेजारच्या म्हातारीनं केलं माझं सगळं, आई पलीकडच्या बाजेवरून सांगत होती. हाडवैद्यानं पाय बसवला, पण तो नीट बसला नाही. आई पुन्हा ताठ चालली नाही आणि खिंड तिनं पुन्हा कधी ओलांडली नाही.

दसऱ्यानंतर मामंजी मला न्यायला आले. तळं तेव्हा तुडुंब होतं, वाट पाण्याखाली होती, ते पूर्ण वळसा घालून आले. पाय सुजले होते. ओट्यावर बसून त्यांनी नातीकडे बघितलं, तिच्या हातात चांदीचा वाळा घातला. आईकडे बघायचं टाळत होते. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मामंजी, एकदा म्हना, काठ्या म्या हलीवल्या, चूक माझी. मग येते."

ते सुजलेला पाय चोळत राहिले. मग म्हणाले, "रस्ता व्हता गं तिथं. खरंच व्हता."

आई बाजेवरून म्हणाली, "जा बाळे त्येंच्यासंगं. त्येंचं गाव गेलंय."

आईच्या शब्दाखातर मी गेले. पुढं त्याच घरात त्यांचं शेवटचं दुखणंही मीच काढलं. ते चूक झाली म्हणाले नाहीत, आणि मी त्यांना माफ केलं नाही.