बुटाला चिकटलेले रविवार

कुणाच्याही बुटाचा च्युइंगम एकदाच काढून द्या. बस्स! मग बघा. पुढच्या रविवारी तो माणूस दुसऱ्याला घेऊन येतो, दुसरा तिसऱ्याला, आणि बूट कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर कहाणी येते. कुठे लागला, कुणी थुंकला होता, बायको काय बोलली. बूट परत जातो, कहाणी माझ्याकडे राहते. आता गुडघे गेले, दात गेले, कहाण्या मात्र जायला तयार नाहीत. म्हणून लिहून टाकते. नको असतील तर पान उलटा, माझं काही अडत नाही.

एक आधीच सांगते, हे काम मी हौसेने घेतलेलं नाही. दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये आमच्या क्वार्टर्सच्या मागे एक सरकारी हॉल आहे. तिथे दर रविवारी गायकवाड बाई मराठीचा वर्ग घेतात. बाई मूळच्या नगरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, चर्चमधून थेट वर्गावर येणाऱ्या. आपली इथली पोरं म्हणजे ‘आई, भूख लगी है यार’ म्हणणारी. त्यांना बाई वाचायला, लिहायला शिकवतात. घरी बाई एकट्याच. आठवडाभर त्या एका रविवारसाठी जगतात. असं त्या म्हणत नाहीत, मी म्हणते.

हॉलचा केअरटेकर रामफल. हरयाणाचा. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. दिल्लीत आल्यावर आपली माणसंही बुटासकट आत शिरायला शिकली आहेत, त्यामुळे एकदा त्याला जाजमावर च्युइंगम सापडला. मग काय! मला म्हणतो,

“अम्मा, ऊपर से ऑर्डर सै. फेर चिंगम मिल्या तो संडे की क्लास बंद!”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. पुढच्या रविवारी मी दारातच खुर्ची टाकली. बूट इथे काढायचा, उलटा करून मला दाखवायचा, मग आत. मंत्र्याचा नातू असला तरी!

माझं शिक्षण चौथी. हिंदी मी रेशनच्या दुकानावरच्या पाट्या वाचून शिकले, इंग्रजी औषधांच्या खोक्यांवरून. च्युइंगम काढायलाही कुणी शिकवलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घ्यायचा, च्युइंगमवर दाबून धरायचा, तो दगडासारखा झाला की उलथन्याच्या मागच्या बाजूने उडवायचा. राहिलेल्या डागाला खोबरेल तेलाचं बोट. घाई करायची नाही. घाई केली की पसरतो. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान हलवून घरी जाऊन नेमकं उलटं करतो.

*

देशपांडे घ्या. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. त्यांच्या नव्या काळ्या बुटाला च्युइंगम. माझ्याकडचा बर्फ संपलेला. मी म्हटलं, “पिशवीत घाला, घट्ट गाठ मारा, घरी फ्रीजरमध्ये ठेवा. मग आपोआप निघेल.”

“बिल्कुल, आजी!”

सगळं केलं त्यांनी. पिशवी आणि गाठ तेवढी राहिली.

त्यांच्या आई गणपतीसाठी पुण्याहून आलेल्या. सोवळ्याच्या. मोदकांचा खवलेला नारळ ठेवायला त्यांनी फ्रीजर उघडला, तर आत मटार, बर्फाचा ट्रे आणि बूट! सून म्हणते, “मी डोळेच मिटून घेतले. म्हटलं, आता गणपतीच्या आधी माझं विसर्जन.”

पण आई ओरडल्या नाहीत. शांतपणे दार लावलं, बाहेर येऊन मुलाजवळ बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “पगार पुरत नसेल तर मला स्पष्ट सांगायचं रे. बूट खायची वेळ येऊ द्यायची नाही!”

*

श्रुती फरीदाबादहून येते. नवरा निनाद कंपनीत, लेक आमच्या वर्गात. पोरगी गुणी आहे, पण मोबाइलवर फार विश्वास. मी सांगितलेला बर्फ तिला जुनाट वाटला. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून तिने निनादच्या बुटाला पीनट बटर चोळलं.

“आजी, अगदी सगळं निघालं! तुम्ही पण ट्राय करा ना.”

मी म्हटलं, “बूट होता की सँडविच?”

सोमवारी निनाद ऑफिसला निघाला. गल्लीतला एक कुत्रा मागे आला. कोपऱ्यावर आणखी दोन. मेट्रो स्टेशनपर्यंत अख्खी वरात! दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला, “सर, पेट्स अलाउड नहीं हैं.”

“मेरे नहीं हैं, भैया!”

“सर, आपके ही लग रहे हैं. देखिए, कितना प्यार करते हैं.”

पुढच्या रविवारी निनाद स्वतः आला. माझ्यापुढे उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “आजी, तो च्युइंगम परत लावता येईल का?”

*

मग मधेच जाजमाजवळ, पायरीवर, दर रविवारी ताजा च्युइंगम सापडायला लागला. मी पोरांना ओळीत उभं केलं. “आ करा!” सगळ्यांची तोंडं तपासली. कुणाला कीड, कुणाचा दात हलतोय, च्युइंगम कुणाच्याच तोंडात नाही. मी थकून खुर्चीत बसले, तर समोर सावंत. मुलाला सोडायला आलेला बाप, पन्नाशीकडे झुकलेला. त्याचा जबडा गिरणीसारखा चाललेला!

सावंतीणबाई धावत आल्या. “आजी, रागावू नका हो. डॉक्टरांनी सांगितलंय. गुटखा सोडायचाय ना, म्हणून चघळतात. गुटख्यापेक्षा बरं नाही का?”

मी म्हटलं, “बरं तर. आधी भिंतीवर जायचं, आता बुटावर येतं. खाली तरी उतरलं!”

सावंतांनी तो च्युइंगम गिळला. माझ्यादेखत. त्यानंतर ते मुलाला गेटपाशीच सोडतात.

*

संक्रांतीचा रविवार होता. पोरांना तिळगूळ वाटून झाला, वर्ग सुटला आणि आतून रामफलची आरोळी. “अम्मा! इधर आओ. देख ल्यो!”

जाजमावर गुलाबी गोळा. चपटा झालेला. रामफल कमरेवर हात ठेवून उभा. “मन्ने के कहा था? इब मैं ऊपर बोलूँगा. क्लास खत्म.”

बाई फळा पुसत होत्या. पुसता पुसता हात तिथेच थांबला. वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी. ती पाठ मला बघवेना.

मी वाकले. म्हणजे काय सोपं आहे का माझं वाकणं! खुर्ची धरून वाकले, नखाने तो गोळा उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

“तिळगूळ आहे,” मी म्हटलं. “तिलगुड़ है, रामफल. हमारे यहाँ आज के दिन ये खाकर मीठा बोलते हैं. और तू चिल्ला रहा है!”

रामफल माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पण चावत राहिले. च्युइंगमच होता तो. स्ट्रॉबेरीचा. माझ्या कवळीला असा धरून बसला की नंतर आरशासमोर उभं राहून बर्फच लावावा लागला.

पण त्या वेळी रामफलचा चेहरा एकदम पडला. आवाज खाली आणून म्हणाला, “फेर म्हारे हिस्से का कहाँ सै, अम्मा?”

*

एका रविवारी मात्र खरंच वीट आला. उन्हाळा, लूचा गरम वारा वाहतोय, आणि रांगेत बूट. एक जण तर म्हणाला, “आजी, जरा जल्दी करा ना, मुझे निकलना है.” मी उलथनं खाली ठेवलं, आत गेले आणि बाईंना सांगितलं, “बाई, पुरे झालं. लोकांची थुंकी किती खरवडू? तुम्ही शिकवा, मी निघाले.”

बाईंनी अडवलं नाही. पर्स उचलली, चष्मा डबीत ठेवला, पोरांना म्हणाल्या, “चला, वह्या बंद करा. आजी निघाल्या, म्हणजे आपण पण निघालो.”

आता ह्याला काय म्हणायचं? मी परत दारात जाऊन बसले. शिकलेल्या बायका अशाच असतात. भांडतसुद्धा नाहीत!

*

ही शेवटची. आमच्या क्वार्टर्समध्ये अजून हिच्यावर वाद होतात.

गेल्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. बातमी आली की रविवारचा हॉल एका कोचिंग क्लासला द्यायचं चाललंय. ठरवणार ते साहेब, ज्यांच्या हाताखाली हे सगळे हॉल. आम्ही आमच्या गॅदरिंगला त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. दर वर्षी बोलावतो. ते येतात, दिवा लावतात, शाल घेतात, फोटो काढतात, ‘बहुत सुंदर, बहुत सुंदर’ म्हणतात आणि पहिल्या पोराने तोंड उघडायच्या आत निघून जातात. बाईंचं एकच म्हणणं, “एकदा पोरांना ऐकू देत त्यांना. मग काय ते ठरवू देत.” पण माणसाला बांधून तर ठेवता येत नाही!

त्या वर्षी कार्यक्रमात रामफलची नातही होती. काजल. आजोबांबरोबर हॉलवर यायची. थंडीत बाहेर कुठे बसणार म्हणून बाईंनी एकदा आत बोलावलं, ती तिथलीच झाली. मराठी आमच्या पोरांपेक्षा साफ! पण कार्यक्रमाच्या कमिटीने तिची कविता सगळ्यांच्या शेवटी टाकलेली. ‘पहले अपने बच्चे.’ मी बोलायचं ते बोलले, कुणी ऐकलं नाही.  गॅदरिंगच्या दिवशी रामफल इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आला होता.

आणि नेमकं त्या दिवशी मलाही शाल द्यायची टूम निघाली. मी म्हटलं, “रामफल, मेरी कुर्सी पर बैठ. जूतों पर नज़र रख.”

दिवा झाला. शाली झाल्या. फोटो झाला. साहेब ‘बहुत सुंदर’ म्हणाले आणि उठले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

साहेबांनी दारात उजवा पाय बुटात घातला आणि थांबले. पाय बाहेर काढला. मोज्यापासून बुटापर्यंत लांबच लांब तार!

“ये क्या है?”

 बाई तिथेच पायरीवर बसल्या. मला वाटलं, झालं. आमच्या हातानेच वर्ग बुडाला.

मी बूट हातात घेतला. “निकाल देती हूँ. बर्फ लगेगा.”

समोरच्याच क्वार्टरमध्ये सोलापूरच्या शेख वहिनी राहतात. त्या म्हणाल्या, “आजी, जानेवारीत बर्फ कोण ठेवतं? ट्रे आत्ता भरते. जमायला वेळ लागेल.”

“कितना टाइम?” साहेब म्हणाले.

“जितना बर्फ को लगे,” मी म्हटलं. “जल्दी करोगे तो फैलेगा. चमड़ा गया समझो.”

ड्रायव्हरने स्वतःच्या चपला काढून पुढे केल्या. साहेबांनी त्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, “चलो, बैठते हैं.”

रामफलने कधी कुणाला खुर्ची दिलेली मी पाहिली नव्हती. त्याने धावत जाऊन आणली, व्हरांड्यात मऊ ऊन पडलं होतं तिथे बरोबर ठेवली, शेजारी भाजलेल्या शेंगांचा पुडा ठेवला. बाई पायरीवरून उठल्या. पदर खोचला आणि आत बघून ओरडल्या, “मुलांनो, सगळे उन्हात या!”

साहेब एका पायात नुसता मोजा घालून शेंगा खात बसले आणि पोरं एकामागून एक म्हणत गेली. कुणी अडखळलं, कुणी विसरलं, एक तर रडलंच. साहेब हसले. टाळ्या वाजवल्या. सगळ्यात शेवटी काजल. बाईंनीच लिहिलेली नदीची कविता. हातवारे नाहीत, काही नाही. सरळ उभी राहून म्हणाली. 

“बहुत बढ़िया! बेटा, महाराष्ट्र में कहाँ से हो?”

“रोहतक से!” काजल म्हणाली.

साहेबांच्या हातातल्या शेंगा सांडल्या, इतके हसले. तिला पुन्हा म्हणायला लावली. मग बाईंना विचारत बसले, किती पोरं, काय शिकवता, पुस्तकं कुठून आणता. वहिनींचा बर्फ आला, मी बूट साफ केला, उरलेला बर्फ वितळायला लागला तरी त्यांचं चाललेलंच.

जाताना बूट घातला, पाय आपटून बघितला आणि म्हणाले, “रामफल, संडे को यही क्लास चलेगी. कोई पूछे तो मेरा नाम लेना.”

गाडी गेली. बाई काजलला पोटाशी धरून उभ्या. मी तेलाचं बोट पुसत होते आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. इतकी वर्षं मी बुटाच्या तळाचा च्युइंगम काढला. हा तर आत होता. टाचेशी, नीट दाबून बसवल्यासारखा!

रामफल शेंगांची टरफलं झाडत होता. मी म्हटलं, “क्यों रे, जूते के अंदर चिंगम कैसे गया?”

त्याने झाडू थांबवला नाही.

“अम्मा, बाहर लागता तो साहब चल न पड़ता?”